वजन वाढतं तेव्हा चूक कुणाची? तुमचे अनुभव लिहा

गोडोलीची ताई
काल भाचीच्या लग्नाचा चुडा भरायला कासारीण घरी आली होती. दोन-सहाची बांगडी अंगठ्याच्या सांध्यापाशी अडकली, दोन-आठचीही अडकली. तिनं हाताला साबण लावला, बोटं जुळवून पंजा दाबला, तेवढ्यात मागून आमच्या एक काकू म्हणाल्या, "वर्षभर जिभेला आवर घातला असता तर!" भाची काही बोलली नाही, हात तसाच पुढं धरून बसली. कासारीणच म्हणाली, "अहो काकू, बांगडी अडकतीय ती हाडाला. मांस दबतंय, हाड कुठं दबणार?"

मला माझं १९९८ सालचं लग्न आठवलं. चोवीस वर्षांची होते, वजन ७१ किलो. पाळी तीन-तीन महिने यायची नाही, हनुवटीवर केस यायचे, आणि घरच्यांना दिसायचा तो फक्त माझ्या ताटातला भात. सहा वर्षांनी मूल होईना म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा पीसीओएस निघालं, म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोन्सचा बिघाड. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, मग ते जास्त तयार होतं आणि चरबी साठत जाते, असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. तो कागद हातात घेऊन मी रडले. तिशीपर्यंत मी स्वतःला खादाड समजत आले होते.

आपल्या हातात काहीच नसतं असं नाही. रोज चालायला लागले तशी माझी पाळी सुधारली. पण किती हातात असतं आणि किती नसतं, तुमच्या घरात काय बघितलंत ते लिहा.

कृष्णाकाठ
वाचून गलबलून आलं ताई. भाचीला आशीर्वाद सांगा.

कुपवाड रात्रपाळी
नऊ वर्षं झाली, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्री दोनला कँटीनमध्ये वडा नाहीतर भजी, दुसरं काही मिळतच नाही. सकाळी घरी येऊन झोपावं तर गल्लीत पोरांचा दंगा, चार तासांवर झोप नाही. झोप कमी झाली की भूक जास्त लागते हे मी अंगावर काढलंय, नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं. कामाला लागलो तेव्हा ६२, आता ८८. पाळी बदलून मागितली, मिळाली नाही. ह्यात माझी जबाबदारी कुठली ते सांगा, मी घ्यायला तयार आहे.

भिलवडीकर वहिनी
ताई, ही कासारीण राजवाड्याकडची का? आमच्या जावेला पण चुडा भरायचाय. मापाच्या मिळत नाहीत सांगलीत.

कराड मेडिकल
दुकानात रोज बघतो म्हणून लिहितो. माझा धाकटा भाऊ सातवीत असताना किडनीच्या आजारासाठी स्टिरॉइड चालू होतं. दोन महिन्यांत तोंड चंद्रासारखं गोल. पाहुणे म्हणायचे, "काय बाळसं धरलंय!" आणि शाळेत पोरं ढोल म्हणायची. गोळ्या हळूहळू कमी केल्यावर चेहरा उतरला, पण तो अजून फोटो काढून घेत नाही. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही वजन वाढतं. कृपा करून कुणी वजनाच्या भीतीनं गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

चारभिंती आजोबा
७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा. आई खडी फोडायला जायची. मिलोची, म्हणजे अमेरिकेतनं आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हापासून ताटात शीत टाकवत नाही. नातवाच्या ताटात उरलं तर "संपव" म्हणतो. सून म्हणते, "बाबा, पोट भरलंय त्याचं." तिचं खरं आहे. पण माझ्या मनातनं ती भूक जात नाही.

मिरज जंक्शन
आजोबा, नमस्कार. ती भूक पुढच्या पिढीच्या अंगातही उतरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली ३.५ किलोची. पण आपली बाळं स्नायूंनी बारीक, चरबी मात्र त्या मानानं राखलेली. दिसायला हडकुळी, आतून चरबी जास्त. म्हणून तर भारतीयांना बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठ धरतात, इतरत्र तेच २५ आणि ३० ला.

यवतेश्वर घाट
सगळं आईबापांवर आणि औषधांवर ढकलू नका. मी दीड वर्षात १४ किलो कमी केलं. दुकानात दिवसाला सात चहा व्हायचे, कपाला दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरा, ७० ग्रॅम साखर झाली, म्हणजे २८० कॅलरी नुसत्या चहातनं! ते बंद केले आणि रोज पहाटे घाट चढायला लागलो. मनात आणलं तर होतं.

गोडोलीची ताई
दादा, मनापासून अभिनंदन. चहाचा हिशेब मी घरात वाचून दाखवला. एक विचारते, राग मानू नका. तुम्ही पहाटे घाटात असता तेव्हा मुलांचे डबे कोण करतं?

यवतेश्वर घाट
मंडळी करते. खरंय ताई. तिचं वजन माझ्याहून जास्त आहे आणि मी तिला रोज "चल" म्हणतो, पण साडेपाचला ती पोळ्या लाटत असते. हे मी असं कधी बघितलंच नव्हतं. उद्यापासून डबे मी भरतो, बघू.

कृष्णाकाठ
वा दादा! नुसते भरू नका, पोळ्याही लाटा.

भिलवडीकर वहिनी
भडंगाला तेल किती घालता सगळ्याजणी? आमच्याकडं किलोभर चुरमुऱ्याला पाव किलो ठरलेलं. ग्रॅमला ९ कॅलरी म्हणजे... नको, हिशेब केला तर हात चालायचा नाही. निम्मं घालून बघितलं तर लसूण नीट तळला जात नाही, कुरकुरीतपणा जातो. काही युक्ती?

कराड मेडिकल
वहिनी, चुरमुरे आधी कोरडे भाजून घ्या, मग कमी तेलाची फोडणी. आई असंच करते.

कुपवाड रात्रपाळी
माझ्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही.

मिरज जंक्शन
भाऊ, उत्तर नाही माझ्याकडं. घरनं भाकरी आणि उसळ नेता येईल का? वडा तरी टळेल. पाळीसाठी मात्र पुन्हा अर्ज करा, एकट्यानं नाही, चौघा-पाचजणांच्या सह्या घेऊन.

कुपवाड रात्रपाळी
डबा नेतो. सह्यांचं बोलतो पोरांशी.

गोडोलीची ताई
वहिनी, हो, राजवाड्याकडचीच. आत्ता पुन्हा आलीय, दोन-दहाच्या घेऊन. भाचीच्या एका हातात अकरा भरून झाल्या, एकही फुटली नाही. काकू शेजारी बसून बांगड्या मोजून देतायत. मी जाते आत, दुसरा हात राहिलाय.