जुने 25 मिमी फ्रेंच शिपाई: पांढरी भुकटी, तुटक्या संगिनी आणि अर्धवट ओतली जाणारी बंदूक

बर्डीचा_गोलंदाज

नमस्कार मंडळी. 25 मिमी उंचीच्या, धातूच्या जुन्या नेपोलियनकालीन खेळण्यातल्या शिपायांचा एक गठ्ठा हाती आला आहे. 31 फ्रेंच फ्युझिलियर (साधे पायदळ), सगळे एकाच मुद्रेतले: खांद्याला बंदूक लावून चालणारे, लांब शेपटांचा कोट, पाया अंगातच ओतलेला आणि खाली कोड. घडणीवरून 1970 च्या दशकातले मिनिफिग्ज या ब्रिटिश कंपनीचे वाटतात. अडचणी अशा:

काहींच्या पायाशी आणि पाठपिशवीच्या खाचेत पांढरी भुकटी आहे. खरवडली तरी परत येते. निम्म्यांच्या संगिनी गेल्या आहेत. रंग जुना एनॅमल, जाड थर.

पटावरच्या लढाईच्या खेळासाठी पलटण 36 ची करायची आहे, म्हणजे 5 कमी पडतात. त्यासाठी आरटीव्ही (खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनचा दोन भागांचा साचा घेतला. एक बाजू आतून चिकट राहिली आणि 60/40 डाख (60 टक्के कथील, 40 टक्के शिसे) वितळवून ओतला तर शिपाई कमरेपर्यंत झकास, पण बंदुकीची नळी अर्ध्यावर संपते आणि अंगावर बुडबुड्यांचे खड्डे पडतात. सध्या नागपुरात पारा 44 च्या पुढे आहे, त्याचा काही संबंध असेल का?

महालकर

आधी भुकटीचं बघा, बाकी सगळं थांबू शकतं.

करडा, मंद थर असेल तर तो ऑक्साइड आहे. तो खालच्या धातूला सांभाळतो, त्याला हात लावायचा नाही. पांढरी, फुगून रंगाचे पापुद्रे वर ढकलणारी भुकटी म्हणजे शिशाचा कार्बोनेट. ॲसेटिक आम्लाची वाफ, दमट हवा आणि कोंडलेली जागा एकत्र आली की तो तयार होतो आणि एकदा सुरू झाला की आत खात जातो. वाफेचा उगम बहुधा कपाटच असतो: एमडीएफ, ओक, ताज्या प्लायचा गोंद, पुठ्ठ्याची खोकी, किंवा काच बसवताना लावलेलं ते व्हिनेगरसारखं वास येणारं सिलिकॉन सीलंट. पायावर वाळू चिकटवायला वापरलेला पीव्हीए (पांढरा लाकडाचा) गोंदही बंद डब्यात थोडी भर घालतो. म्हणून नुसतं खरवडून शिपाई पुन्हा त्याच कपाटात ठेवला की भुकटी परत येणारच.

कोरडं खरवडू नका. ती भुकटी विषारी आहे आणि नाकात जाते. हातमोजे घाला, वाटीत पाणी घ्या, शिपाई पाण्याखाली धरून जुन्या टूथब्रशने घासा. खाचेत अडलेली टोकदार काडीने काढा. नंतर बॅटरीत घालतो त्या डिस्टिल्ड वॉटरने खळबळून हेअर ड्रायरने पूर्ण सुकवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा, पायाच्या खालूनसुद्धा. लोक नेमका तळ विसरतात आणि पुढची कीड तिथूनच लागते. खोल खड्डे पडले असतील तर दोन भागांच्या एपॉक्सी पुट्टीने भरून घ्या. वाटी, ब्रश, काडी पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

आणि हो, ओतल्यावर शिपाई व्हिनेगरमध्ये बुडवून धातू 'खरखरीत' करायचा जो सल्ला सगळीकडे फिरतो, तो शिसेवाल्या धातूला अजिबात लावू नका. ज्या आम्लापासून वाचवायचं, त्यातच अंघोळ घालण्यासारखं आहे ते.

ठेवायला पत्र्याचा डबा किंवा पॉलिप्रोपिलीनचा पारदर्शक डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात पुड्या बदलत राहा.

कथील_आणि_शिसे

ओतकामाचं मी सांगतो, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट: हे शिपाई मुळात हाताने ओतायचे नव्हतेच. कारखान्यात व्हल्कनाइज्ड रबराच्या गोल चकतीत साचे असायचे, चकती फिरायची आणि धातू जोराने बाहेरच्या कडेला, म्हणजे संगिनीच्या टोकापर्यंत फेकला जायचा. तुम्ही तोच शिपाई नुसत्या गुरुत्वाकर्षणावर ओतून राहिले. तिथे दाब फक्त ओतण्याच्या नळीतल्या धातूच्या उंचीचा. म्हणून ओतण्याची नळी शिपायाच्या वर निदान 25 ते 30 मिमी ठेवा, वर फनेलासारखी रुंद. शिपाई उलटा, म्हणजे पाया वर करून, पायातून ओतला तर संगीन साच्याच्या तळाशी येते. पण मग तिथली हवा कुठे जाणार? अर्ध्यावर संपलेली बंदुकीची नळी म्हणजे बऱ्याचदा धातू गोठला असं नसतं, पुढे हवा अडकलेली असते. संगिनीच्या टोकापासून साच्याच्या कडेने वर येणारी, केसाहून थोडी जाड वाट ब्लेडने कापा. शाकोच्या (उंच नळकांडी टोपीच्या) टोकाला आणि कोपराला एकेक. वाट जाड केली तर त्यातूनच धातू पळतो, तेव्हा आधी बारीक कापा, ओतून बघा, मग वाढवा.

चिकटपणा. तुमचं सिलिकॉन कंडेन्सेशन प्रकारचं, कथील-कॅटॅलिस्टवालं (कॅटॅलिस्ट म्हणजे सिलिकॉन घट्ट करणारा द्रव) असेल, तर कारण बहुतेक मिसळण्यात आहे: भांड्याच्या कडेचा माल ढवळला गेला नाही, किंवा कॅटॅलिस्टची बाटली उघडी राहून खराब झाली. पाकिटावरचं प्रमाण वजनाने घ्या, 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या खिशातल्या काट्यावर, थेंब मोजून नको. ढवळून झालं की दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. ढवळलेला माल ओतण्याची मुदत 44 अंशांत फार कमी होते. पण म्हणून कॅटॅलिस्ट निम्मा करू नका, आतून कच्चं राहील. पहाटे करा, हवं तर बेस (मूळ सिलिकॉन) आधी थंड खोलीत ठेवा. प्लॅटिनमवालं सिलिकॉन असेल तर मात्र कारण वेगळं: गंधक असलेली मॉडेलिंग क्ले, किंवा त्याच भांड्यात आधी कालवलेलं कथीलवालं सिलिकॉन. दोन्हीपैकी काहीही लागलं की त्या जागी ते कधीच वाळत नाही. तुमची चिकट बाजू क्लेला लागून होती का, ते बघा.

बुडबुडे. कंडेन्सेशन सिलिकॉन वाळताना अल्कोहोल सोडतं. साचा उघडल्या उघडल्या त्यात धातू ओतला तर ते अल्कोहोल उकळून बाहेर येतं, तेच तुमचे खड्डे. साचे उघडे करून दोन-तीन दिवस हवेवर ठेवा. आपलं ऊन इथे कामाला येतं.

साचा घेताना शिपाई क्लेमध्ये अर्धा पुरा, शिवणीची रेघ बंदुकीच्या कडेवरून आणि हाताच्या बाहेरच्या बाजूने फिरवा, चेहऱ्यावरून नको. पेनाच्या मागच्या टोकाने चार-पाच खड्डे करा, म्हणजे दोन्ही भाग एकाच जागी बसतात. सगळ्या बाजूंनी 12 मिमी तरी सिलिकॉन हवं. दुसरा भाग ओतण्याआधी पहिल्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात, नाहीतर दोघांचा एक ठोकळा होईल. सिलिकॉन धातूसाठीचं, उष्णता सोसणारं घ्या. साध्या पांढऱ्यात काही ओतींनंतर बारीक भाग करपून फाटतात.

धातू. 60/40 डाख 183 अंशांना मऊ होऊ लागतो आणि 190 च्या आसपास पूर्ण वितळतो. ओतायचा 260 ते 300 दरम्यान. थर्मामीटर नसेल तर काडेपेटीच्या काडीचं लाकूड बुडवा: तपकिरी व्हावं, लगेच काळं पडून जळू नये. घरात लहान मुलं असतील तर शिसेमुक्त डाखाचा बार घ्या, 99.3 टक्के कथील आणि 0.7 टक्के तांबे, 227 अंशांना वितळतो. महाग पडतो, पण बारीक नक्षी छान उठते. बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत डाख मिळतो, इतवारीत भांडीवाल्यांकडे कल्हईचं कथील विचारा. कल्हईवाला वापरतो तो नवसागर मात्र इथे नको: गुदमरवणारा धूर होतो आणि क्लोराइड मागे राहून धातू खातो. मळी वर आणायला राळेचा चिमूटभर चुरा पुरे. जुन्या बॅटरीतलं शिसं तर घरात आणूच नका. भंगारातल्या धातूत जस्त असलं तर रस लापशीसारखा होतो आणि पातळ जागी जातच नाही.

ओतण्याआधी साच्याला आतून संगजिऱ्याची पावडर, जास्तीची झटकून टाका. त्याने धातू सरकतो आणि हवाही निसटते. दोन्ही बाजूंना प्लायचे तुकडे लावून रबरबँडने बांधा. जास्त आवळलं तर साचा दबून शिपाई चपटा येतो. पहिल्या काही ओती फुकट जातात कारण साचा थंड असतो. त्या परत भांड्यात टाकायच्या. न थांबता एका दमात ओता, ओतताच साचा टेबलावर हलका आपटा.

पाण्याचा थेंब वितळलेल्या धातूत गेला तर धातू उडतो. डोळ्यांना चष्मा, पायात बूट. खिडकी उघडी आणि कूलर बंद.

बर्डीचा_गोलंदाज

चिकट बाजू क्लेचीच होती. पाकिटावर प्लॅटिनम लिहिलेलं आहे, म्हणजे दोष क्लेचा. पण मे महिन्यात कूलर बंद ठेवून बसणं म्हणजे कठीणच आहे.

कथील_आणि_शिसे

मग कूलर लागतो त्या खोलीत ओतूच नका, गच्चीवर सकाळी सहाला बसा. तुषार उडतात, आणि रात्रभर त्या दमट हवेत पडलेली पळीसुद्धा आधी विस्तवावर सुकवून मगच रसात घालायची. सिलिकॉन तेच वापरायचं तर गंधकविरहित क्ले घ्या. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

रेशीमबागी_रंगारी

कूलरचा दुसरा फटका वॉर्निशला. मे महिन्यात बाहेर हवा कोरडी ठणठणीत, पण कूलरच्या खोलीत ती ओली असते. तिथे मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला की शिपायांवर दुधाळ धुकं बसतं. बाहेर उन्हात मारला तर थेंब हवेतच सुकून शिपाई वाळूकागदासारखा होतो. कूलर सुरू व्हायच्या आधी सकाळी सावलीत, 20-25 सेंमीवरून, थोडा थोडा मारा. किंवा ब्रशनेच लावा, मी तरी तेच सुचवेन.

एनॅमल काढायला धातूच्या शिपायांना थिनर चालतो. डेटॉलही चालतं: रात्रभर बुडवा, घासताना डेटॉलच वापरा, पाणी साबणासकट शेवटी. मध्येच पाणी लागलं की निघालेला रंग डिंकासारखा चिकटतो. कॉस्टिक सोडा नको, तो शिसे आणि कथील दोन्ही खातो. भुकटीवाले शिपाई आधी महालकर म्हणतात तसे साफ करा.

संगिनी: डाखणीचं गरम टोक या शिपायांना लावू नका, नळीच ओघळून जाईल. नळीच्या टोकात हातड्रिलने 0.5 मिमीचं भोक, आत बारीक टाचणीचा किंवा पितळी तारेचा तुकडा, सुपरग्लू. तार आधी हातोडीने थोडी चपटी करा. खऱ्या फ्रेंच संगिनीचं पातं सुमारे 40 सेंमी, म्हणजे या मापात साधारण 6 मिमी बाहेर राहू द्या. मूळ ओतीव संगिनीपेक्षा ती मजबूत होते. त्यामुळे नव्या ओतींमध्येही संगीन साच्यात आणायचा हट्ट सोडा. साच्यातून ती कापूनच टाका, निम्मी डोकेदुखी गेली.

धरमपेठ_पलटण

एक विचारतो: 5 शिपायांसाठी एवढा खटाटोप कशाला?

फेब्रुवारी 1808 च्या फर्मानानंतर फ्रेंच पलटणीत सहा कंपन्या: एक ग्रेनेडियर (निवडक धिप्पाड शिपाई), एक व्होल्टिजर (पुढे विखरून लढणारे), चार फ्युझिलियर. कंपनी 140 जणांची, म्हणजे पलटण 840. 36 शिपाई म्हणजे कंपनीमागे 6. 30 म्हणजे कंपनीमागे 5, आणि एका शिपायामागे 28 माणसं. तुमच्याकडे 31 आहेत. 30 ची पलटण उभी करा, उरलेला एक पुढच्या साच्याचा मूळ नमुना. समोरच्याची पलटणही त्याच प्रमाणात असली की झालं, पटावर फरक पडत नाही.

शिवाय दुसऱ्याने घडवलेल्या शिपायाचा साचा घेणं कायद्याच्या दृष्टीने चोख काम नाही. त्या जुन्या श्रेणींपैकी अनेकांचे हक्क आजही कुणाकडे तरी आहेत. ओतकाम शिकायचंच असेल तर आयर्लंडच्या प्रिन्स ऑगस्टचे तयार रबरी साचे मिळतात, त्यात हवेच्या वाटा आधीच आखलेल्या असतात. त्यावर हात बसवा. पण त्यांचे शिपाई जुन्या मिनिफिग्जमध्ये मिसळू नका. एका पलटणीत एकच घडण शोभते.

रेशीमबागी_रंगारी

पटतंय. फक्त सगळे फ्युझिलियर आहेत, तर दोन कंपन्या रंगाने बदलाव्या लागतील. ग्रेनेडियरना लाल खांदपट्ट्या आणि लाल तुरा, व्होल्टिजरना पिवळी कॉलर, हिरव्या-पिवळ्या खांदपट्ट्या. खांदपट्ट्यांच्या झालरी एपॉक्सी पुट्टीच्या बारीक वळ्या करून चिकटवता येतात. फ्युझिलियरचे शाकोवरचे गोंडे कंपनीनुसार: पहिली गडद हिरवी, दुसरी आकाशी, तिसरी नारिंगी, चौथी जांभळी. हे गोंडे एवढेसे असतात, पण तीन फुटांवरून पलटण वाचता येते ती त्यांच्यामुळेच.

कोट काळपट निळा, पण शुद्ध नेव्ही ब्लू लावला तर या मापात काळा दिसतो. थोडा फिकट घ्या आणि खाचांत गडद सोडा. छातीवरची पांढरी पट्टी थेट पांढऱ्याने नको: आधी फिकट राखाडी, वर पांढरा, कडेला लाल रेघ. लांब शेपटांचे कोट आहेत, म्हणजे निशाण 1804 चं: मध्ये पांढरा चौकोन हिऱ्यासारखा तिरपा, कोपरे आलटून पालटून निळे आणि लाल. तीन उभ्या पट्ट्यांचं निशाण 1812 चं, ते आखूड कोटवाल्यांसाठी. ॲक्रिलिक आपल्याकडे ब्रशवरच सुकतं. चपट्या डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर आणि त्यावर रंग, तासभर ओला राहतो.

महालकर

निशाण कागदाचं करणार असाल तर पीव्हीए गोंद पूर्ण वाळू द्या, मगच डब्यात ठेवा.

बर्डीचा_गोलंदाज

30 ची पलटण ठरलं. पुढे ब्रिटिश घेऊन 1803 ची अडगावची लढाई मांडायचा विचार आहे, ती तर आपल्या नागपूरकर भोसल्यांची. बाजारात दिसतात ते उंच कपाळपट्टीच्या शाकोचे ब्रिटिश चालतील का?

धरमपेठ_पलटण

नाही. ती बेल्जिक शाको 1812 ची. अडगाव 29 नोव्हेंबर 1803 चं, ब्रिटिश सेनापती वेलस्ली तिथे अजून वेलिंग्टन झालेला नव्हता. 78 व्या हायलँडर या स्कॉटिश पलटणीपासून सुरुवात करा, पण टोपी बघूनच विकत घ्या आणि मद्रासचे शिपाई वेगळे शोधा. ते युरोपातल्या लढायांच्या पाकिटांत निघत नाहीत.