बेल्ट ओवायचा की चढवायचा? आणि रिंगरोड म्हणजे बाह्यवळण का?

प्रश्न : इंजिनच्या बेल्टचे ‘रूटिंग’ (तो कुठून कसा न्यायचा ते) आणि रिंगरोडचे ‘रूटिंग’ या दोन्हींना मराठीत ‘वर्तुळाकार मार्ग’ म्हटले तर चालेल का? बेल्टसाठी ‘ओवणी’ हा शब्दही सुचला आहे.

प्रतिसाद १ : बेल्टला ‘वर्तुळाकार’ अजिबात नको. इंजिनच्या पुढच्या बाजूचा सर्पेंटाइन बेल्ट नावाप्रमाणेच नागमोडी जातो. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा), अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र), एसी कॉम्प्रेसर यांच्या खाचांच्या पुलींवर त्याची खाचांची बाजू बसते, तर गुळगुळीत आयडलरवर, म्हणजे बेल्टला फक्त वळवणाऱ्या मोकळ्या पुलीवर, त्याची पाठ टेकते. पाठीवर फिरणारी पुली क्रँकच्या उलट दिशेने फिरते. काही इंजिनांत वॉटर पंपही असाच पाठीवर चालतो. तिथे बेल्ट चुकीच्या बाजूने घेतला तर पंप उलटा फिरतो, पाणी पुरेसे खेळत नाही आणि इंजिन तापते. म्हणून सूचनेत नुसता ‘मार्ग’ लिहून भागत नाही. पुलीच्या ‘वरून’ की ‘खालून’, ‘खाचेवर’ की ‘पाठीवर’ हे लिहिलेच पाहिजे.

‘ओवणी’ ऐकायला गोड आहे, पण ओवायला मोकळे टोक लागते. सुईत दोरा ओवतात, पायजम्यात नाडी ओवतात. बेल्टला टोकच नसते, म्हणून तो ‘चढवतात’ आणि एकेका पुलीवरून ‘घेतात’. वाक्य असे लिहावे : ‘बेल्ट क्रँकवर चढवा, आयडलरच्या खालून घ्या, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) पान्याने मागे ओढून धरा आणि हात सहज पोहोचेल अशा गुळगुळीत पुलीवर शेवटी सरकवा.’ खाचांची पुली शेवटी ठेवली तर घाईत बेल्ट एक खाच बाजूला बसतो. मग कड उसवत जाते आणि थोड्याच दिवसांत बेल्टच्या चिंध्या होतात. आकृतीला ‘बेल्टची मांडणी’ म्हणावे. ती बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर असते. नसेल तर जुना बेल्ट काढण्याआधी फोटो घ्यावा.

आणखी एक अस्सल शब्द हाताशी आहे : ‘वेढा’. पुलीच्या परिघाचा जेवढा भाग बेल्ट धरतो तो त्याचा वेढा. अल्टरनेटरची पुली लहान आणि तिच्यावरचा भार मोठा, त्यामुळे वेढा कमी पडला की बेल्ट घसरतो, किंचाळतो आणि बॅटरीचा दिवा लागतो. आयडलरचे खरे काम अनेकदा वेढा वाढवणे हेच असते. टेन्शनर क्रँकवरून सुटणाऱ्या, म्हणजे सैल बाजूला बसवतात.

प्रतिसाद २ : बेल्टच्या क्रमांकाचाही अर्थ सांगून ठेवतो. 6पीके1750 म्हणजे 6 धारा (खाचांमधल्या उंच रेघा) आणि 1750 मिमी प्रभावी लांबी, दोन धारांमधले अंतर 3.56 मिमी. एकाच इंजिनाच्या एसी असलेल्या आणि नसलेल्या आवृत्तीत मांडणी आणि लांबी वेगळी असू शकते, म्हणून ‘त्याच गाडीचा बेल्ट’ एवढे सांगून दुकानात भागत नाही.

प्रतिसाद ३ : रस्त्याच्या बाबतीत ‘रूटिंग’ला ‘आखणी’ हाच रुळलेला शब्द आहे. खरा घोळ ‘बाह्यवळण’ शब्दाचा आहे. बाह्यवळण म्हणजे बायपास : एका महामार्गावरची वाहने गाव टाळून वळसा घालतात आणि पुढे त्याच महामार्गाला लागतात. पुण्याचा कात्रज–देहूरोड रस्ता हे बाह्यवळण आहे, तो शहराच्या पश्चिमेकडूनच जातो. पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग धरून आखलेला पुण्याचा रिंगरोड मात्र बाह्यवळण नव्हे. त्याला ‘वर्तुळाकार रस्ता’ किंवा ‘चक्राकार मार्ग’ म्हणणे योग्य, कारण त्याचे काम सगळ्या दिशांचे महामार्ग एकमेकांना जोडणे हे आहे. अर्धवट रिंग बांधली तर जिथे ती संपते तिथे अवजड वाहने पुन्हा शहराच्या रस्त्यांवर उतरतात.

प्रतिसाद १ : मग लंडनच्या एम-25 ला काय म्हणायचे? 1986 साली पुरा झाला, सुमारे 188 किमी लांब, पण डार्टफर्डच्या थेम्स ओलांडणीचा तुकडा एम-25 मध्ये मोडत नाही, तो ए-282 आहे. कागदावर वर्तुळ मिटत नाही.

प्रतिसाद ३ : वाहनाला फेरी पूर्ण करता येते, म्हणून ‘वर्तुळाकार’च. शब्द वाहतुकीच्या कामावरून ठरवावा, रस्त्याच्या क्रमांकावरून नाही. तुमच्या बेल्टशी नाते सांगणारा रस्ता वॉशिंग्टनला आहे. 1964 साली पूर्ण झालेल्या सुमारे 103 किमीच्या रिंगरोडचे नावच ‘कॅपिटल बेल्टवे’. तिथला बेल्ट मात्र पुलीवरचा नाही, कमरेचा. मराठीत सांगायचे तर कमरपट्टा.