'थ्रिलर'ची डिस्क: तुकड्यांसकट घ्यावी की तुकड्यांविना?

तिसरी घंटा
बू आर्ने विबेनियसचा 'थ्रिलर – एन ग्रिम फिल्म' (स्वीडन, १९७३) काल पुन्हा पाहिला. 'ग्रिम' म्हणजे क्रूर. न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: लहानपणीच्या अत्याचाराने वाचा गेलेली माडेलेन. बस चुकते, टोनी नावाचा इसम गाडीत घेतो, हेरॉइनची सवय लावून धंद्याला बसवतो. पहिल्याच गिऱ्हाइकाला तिने ओरबाडलं म्हणून तिचा डोळा फोडतो. आठवड्याला एक सुट्टी मिळते, त्यात ती गाडी, बंदूक, कराटे शिकते. पुढचं सांगायला नकोच.

माझं भांडण डिस्कशी आहे. २००४ साली अमेरिकेत सिनॅप्स या कंपनीने काढलेल्या डीव्हीडीत मधूनमधून उघड संभोगाचे तुकडे आहेत. वर्षभरात तेच वगळून दुसरी आवृत्ती आली. मंडळी पहिलीला 'ओरिजिनल' म्हणून डोक्यावर घेऊन नाचतात. पण त्या तुकड्यांत माडेलेन झालेली क्रिस्टिना लिंडबर्ग नाहीच! दुसऱ्याच माणसांवर चित्रित करून ते तिच्या चेहऱ्याच्या शॉटला जोडलेत. तिने न केलेलं काम तिच्या नावावर चिकटवायचं आणि वर त्याला 'संपूर्ण' म्हणायचं? मी तुकड्यांविनाच घेईन.

डावखुरा
साफ असहमत. ते तुकडे मागाहून कुणा दुकानदाराने डकवलेले नाहीत, दिग्दर्शकाने स्वतः घातलेत. कात्री लावली ती अमेरिकन इंटरनॅशनल या तिकडच्या वितरण कंपनीने. १९७४ ला 'दे कॉल हर वन आय' नाव ठेवून, कापूनकुपून थेटरात लावला.

आणि ते पाहून कुणी चाळवत असेल तर त्याला दंडवत. ना प्रेम, ना चेहरा, नुसतं मांस आणि यंत्रासारखी हालचाल. तिला जितका उबग येतो तितकाच आपल्याला येतो. ते काढलं की उरतं काय? देखणी बाई, बंदूक, डोळ्यावर पट्टी. मग सूडकथा पचायला सोपी जाते, आणि तीच मला नकोय.

बकुळफूल
डावखुरा, 'उबग यावा म्हणून' हे तुमचं. विबेनियसने आधी मुलांसाठी चित्रपट काढला होता, तो आपटला. बुडालेले पैसे वसूल करायला हा काढला. म्हणजे ते तुकडे गल्ल्यासाठी. त्याला तत्त्वज्ञानाची झूल कशाला?

आणि पट्टी बघितलीत ना? कपड्यांचा रंग बदलला की पट्टीचाही बदलतो. डोळा फोडलेल्या बाईला मॅचिंग! एकदा मला हसू आलं, मग स्वतःचाच राग आला. चित्रपटाला तिचं दुःखही विकायचंय आणि पोस्टरही.

डावखुरा
पैशासाठी काढला म्हणून त्यात दुसरं काही असूच नये? हाच माणूस स्वीडनचा थोर दिग्दर्शक बर्गमन, त्याच्या 'पर्सोना' चित्रपटात सहाय्यक होता. त्यातली नायिकाही बोलायची थांबलेली नटी. इथेही मुकी बाई, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. बर्गमन म्हटलं की फिल्म सोसायटीत मान डोलवायची, त्याच्या सेटवरून आलेल्याने तीच शांतता बाजारात नेली की नाक मुरडायचं.

एकारान्त
तुकड्यांचं सोडा हो, स्लो मोशनचं काय? एक माणूस गोळी लागून जमिनीवर पडेपर्यंत माझा चहा उकळून उतू गेला. तोंडातून रक्ताची तार निघते ती निघतेच आहे.
(तरी शेवटचा घोडा मात्र जबरदस्त. टोनी गळ्यापर्यंत पुरलेला, मानेला दोर, दोराचं दुसरं टोक घोड्याला, आणि घोड्याला भूक लागायची वाट बघत बसलेली ती.)
ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी टॅरंटिनोच्या 'किल बिल'मधली पट्टीवाली एल ड्रायव्हर बघावी. ती पट्टी इथूनच गेली.

तिसरी घंटा
'पर्सोना'चा मुद्दा मान्य, माझ्या डोक्यात आला नव्हता. आता चेहऱ्यावरचे शॉट पुन्हा बघावे लागतील. पण डावखुरा, तुमचंच बोलणं घ्या. सगळी ताकद त्या न हलणाऱ्या चेहऱ्यात असेल, तर चेहरा सोडून परक्या देहावर जाणारा प्रत्येक तुकडा ती मोडतोच ना? दिग्दर्शकाने केलं म्हणून ते बरोबर होत नाही. इतिहास म्हणून तुकडेही जपा, माझी ना नाही. फक्त खोक्यावर लिहा की ही नटी यात नाही.

डावखुरा
खोक्यावर लिहायला हरकत नाही. पण मोडतो म्हणूनच तो हवा. तिच्या देहावर तिचा ताबा नाही हे दाखवायला परका देह जोडण्याइतकं चपखल काय असणार? ठरवून केलं असो की चुकून.

बकुळफूल
'चुकून' म्हणालात ते बरं केलंत.

एकारान्त
घ्यायचीच असेल तर व्हिनेगर सिंड्रोम या कंपनीची २०२२ ची फोरके (4K) डिस्क बघा. ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक विभागापुरत्या असू शकतात; अमेरिकन ब्लू-रे 'ए' विभागाची असली तर आपल्या 'सी' विभागाच्या प्लेअरवर अडू शकते, फोरके डिस्कला ती भानगड नसते. आणि पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवा. माझं घरी आईने उघडलं होतं.