मदत हवी आहे: मुलगा चित्रात लिहितो, वहीत लिहीत नाही

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात, मंगळवार पेठेत राहतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. चित्र काढायला बसला की दोन-दोन तास हलत नाही, वही उघडली की चार ओळींत रडकुंडीला येतो. शाळेतून 'लेखनात मागे' असा शेरा आलाय.

गेल्या महिन्यात त्यानं गंगावेशीतला दूधकट्टा काढला. म्हशी, चरव्या, ग्लासातला फेस, सगळं. आणि कुणी न सांगता म्हशीच्या तोंडाशी लिहिलं, 'मल घर जयच'. मग रोजच सुरू झालं. रंकाळ्याच्या चित्रात 'इथ बदक', खासबागेतल्या कुस्तीखाली पैलवानांची नावं. काना-मात्रेचा पत्ता नाही, 'ट' कधीकधी उलटा.

गेल्या आठवड्यात मी लाल पेनानं ते सगळं सुधारलं. त्यानं मुकाट्यानं कागद दप्तरात ठेवला. चार दिवस झाले, चित्रात एक अक्षर नाही. मला फार लागून राहिलंय. सासूबाई म्हणतात, रोज पानभर शुद्धलेखन घे. चुका तशाच सोडल्या तर त्या पक्क्या होतील का?

उत्तर १
ताई, मी बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंय. 'मल घर जयच' यात त्याला प्रत्येक व्यंजन बरोबर ऐकू आलंय. आपल्या अक्षरात 'अ' असतोच, म्हणून 'म' लिहिला की त्याला काम झालं असं वाटतं. स्वराची खूण मुलांना नंतर उमगते. त्याच्या कागदाला पेन लावू नका. त्यालाच वाचायला सांगा. 'मला' म्हणताना 'ला' लांबतो, तो त्याच्या कानावर पडू दे. 'मल' आणि 'मला' वेगळ्या कागदावर शेजारी लिहून दाखवा. आधी नुसता काना, मग वेलांटी. 'दूध' पहिला की दुसरा उकार, हे आत्ता अजिबात नको. उलटी अक्षरं या वयात बऱ्याच मुलांची असतात. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत शिक्षणाच्या मोहिमेतसुद्धा वाचन-लेखनाला तिसरीपर्यंत मुदत आहे. तो वाचतो कसा, ते मात्र कळवा. वाचतानाही अक्षरं ओळखत नसेल तर तज्ज्ञांना दाखवा, थांबू नका.

उत्तर २
आमची लेक अशीच. ती सांगायची, मी चित्राखाली तिच्याच शब्दांत लिहायचो, एक शब्द न बदलता. चार कागद दुमडून मधे पिना मारल्या की पुस्तक. तिसऱ्या पुस्तकाला तिनं पेन्सिल माझ्या हातातून घेतली. पानभर शुद्धलेखन नकोच, हात दुखतो आणि सांगायचं काही उरत नाही. लीलाताई पाटलांनी 1985 ला सुरू केलेली सृजन आनंद शाळा आपल्याच गावात आहे, तिथल्या शिक्षकांना एकदा भेटा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. वाचतो चांगला, दुकानांच्या पाट्या सोडत नाही. काल म्हटलं, म्हैस काय म्हणते वाच की. 'मल'वर थांबला, म्हणाला, 'इथं काना पायजे.' ओढला. 'जयच' तसंच ठेवलं, मीही काही बोलले नाही. आता एकच विचारते: 'म्हैस' तो 'महस' लिहितो. जोडाक्षराकडे कधी वळू?