‘दहा वर्षांपासून’ इंग्रजीत कसे लिहावे? काळांचा सराव कसा करावा?

माणगंगा
माझी धाकटी बहीण मराठी माध्यमात शिकलेली असून सध्या तलाठी भरतीच्या परीक्षेची तयारी करते आहे. बारा काळांचा तक्ता तिला तोंडपाठ आहे आणि क्रियापदांची तिन्ही रूपे ती न अडखळता सांगते. तरीही वाक्यातील चूक ओळखण्याचा प्रश्न आला की ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ आणि ‘ही हॅज गॉन टू नाशिक यस्टरडे’ ही दोन्ही वाक्ये तिला निर्दोष वाटतात. शिकवणीत ‘अपवाद आहे, पाठ कर’ एवढेच सांगण्यात आले. यामागे काही नियम आहे का, आणि असल्यास सराव कसा करावा?

सायंशाळा
माणगंगाताई, यात अपवाद काहीच नाही. ‘तो कालच नाशिकला गेला आहे’ हे मराठीत अगदी सहज बोलले जाते. इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळाला मात्र संपलेल्या वेळेचा उल्लेख चालत नाही. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज ॲगो’, ‘इन 2019’ यांपैकी काहीही वाक्यात आले की साधा भूतकाळच घ्यावा लागतो, म्हणून ‘ही वेंट टू नाशिक यस्टरडे’. वेळ सांगितलीच नसेल आणि तो अजून परतलेला नसेल, तर ‘ही हॅज गॉन टू नाशिक’ बरोबर आहे.

‘धिस मॉर्निंग’ची मात्र गंमत आहे. सकाळी दहा वाजता ‘आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग’ म्हणता येते, पण तेच दुपारी चार वाजता सांगायचे झाल्यास ‘आय सॉ हिम धिस मॉर्निंग’ म्हणावे लागते, कारण तोवर सकाळ सरलेली असते. बहिणीला तक्ता बाजूला ठेवून आधी वाक्यातील कालवाचक शब्दाखाली रेघ ओढायला आणि मगच क्रियापदाकडे पाहायला सांगा.

ओसरी
वरील उत्तराशी सहमत आहे, पण पहिल्या वाक्याचे दुखणे वेगळे आहे आणि त्यात एक सोडून दोन चुका आहेत. आपण ‘2015 पासून’ म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ही म्हणतो, इंग्रजीत मात्र आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ अशी विभागणी आहे. ‘केव्हापासून?’ याचे उत्तर असेल तर ‘सिन्स’, ‘किती काळ?’ याचे असेल तर ‘फॉर’. दुसरी चूक क्रियापदाची: ‘राहतो आहे’ म्हणून ‘ॲम लिव्हिंग’ लिहिले जाते, पण मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’ हेच रूप लागते. ‘आय हॅव लिव्ह्ड’ही चालेल.

मात्र ‘फॉर’ दिसला की ‘हॅव’ लिहायचे, अशी नवी घोकंपट्टी होऊ देऊ नका. ‘आय लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ हे वाक्य शुद्ध आहे. मुक्काम संपला, एवढाच त्याचा अर्थ. सरावासाठी ‘मी पुण्यात पाच वर्षे राहिले’ आणि ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहते’ अशा जोड्या तिने स्वतःच्या घरातल्या गोष्टींवर रोज रचाव्यात. तयार प्रश्नसंचांपेक्षा याचा उपयोग अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

माणगंगा
दोघांचेही आभार. मग ‘मी तिला लहानपणापासून ओळखते’ हे ‘आय हॅव बीन नोइंग हर सिन्स चाइल्डहुड’ असे होईल का?

ओसरी
नाही. ‘नो’, ‘बिलीव्ह’, ‘ओन’ अशी स्थितिदर्शक क्रियापदे सहसा ‘आयएनजी’ रूप घेत नाहीत, त्यामुळे ‘आय हॅव नोन हर सिन्स चाइल्डहुड’ असे लिहावे.

सायंशाळा
एक पुरवणी: अमेरिकी मालिका पाहताना ‘डिड यू ईट येट?’ असे कानावर पडेल. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ यांच्यासोबत तिकडे साधा भूतकाळ सर्रास चालतो. आपल्या शालेय व्याकरणाचा पाया ब्रिटिश वळणाचा असल्याने परीक्षेत ‘हॅव यू ईटन येट?’ हेच लिहिणे सुरक्षित.