फळी लावली की काम कमी होतं का? नववीचा प्रॉब्लेम अडलाय

नववीची आई, इंदूर:
नमस्कार, मुलाचं वर्क-पॉवरचं चॅप्टर चालू आहे. प्रॉब्लेम असा, 200 किलोचं कपाट 3 मीटरच्या फळीवरून ढकलत 1.2 मीटर उंच गाडीत चढवलं, जोर 900 न्यूटन, वेळ 20 सेकंद, तर वर्क, पॉवर, एफिशियन्सी काढा. त्याने 900 गुणिले 1.2 केलं, 1080 ज्यूल आले, आणि म्हणतो फळीने काम वाचलं. मला पटत नाहीये पण समजावता पण येत नाहीये. इथल्या सियागंज बाजारात हमाल फळी लावून माल चढवतात ते त्याने बघितलंय, काम वाचत नसेल तर लावतात कशाला म्हणतो.

रिटायर्ड मास्तर:
ताई, जोर ज्या रेषेत लावला त्याच रेषेतलं अंतर धरायचं, मुलं इथेच फसतात. जोर फळीच्या बाजूने आहे म्हणून 900 × 3 = 2700 ज्यूल, आणि 20 ने भागलं की 135 वॅट. 1.2 मीटर लागतात ते वजनासोबत, 200 × 9.8 × 1.2 = 2352 ज्यूल, एवढंच कपाटाला मिळालं. एफिशियन्सी म्हणजे 2352 भागिले 2700, 87 टक्के, बाकीचे 348 घर्षणात गेले. म्हणजे काम उलट वाढलंच, पण सरळ उचलायला 1960 न्यूटन लागले असते ते 900 वर आलं. हमालाला तेच हवं असतं, जोर आवाक्यात यायला हवा, मग अंतर जास्त चालावं लागलं तरी चालतं.

पंपवाला:
त्याला आपल्या नळाच्या पाण्याचं गणित द्या, आवडेल. इंदूरचं पाणी जिथून उपसतात त्या जलूदला नर्मदा आपल्यापेक्षा साधारण 400 मीटर खाली, तिथून 1000 लिटर वर आणायचं म्हणजे 1000 × 9.8 × 400, 39 लाख 20 हजार ज्यूल, विजेचं एक युनिट 36 लाख ज्यूलचं म्हणजे 1.09 युनिट, आणि हे पाइपातलं घर्षण, मधला घाट काही न धरता. एका तासात चढवलं तर दीड हॉर्सपॉवरच्या आसपास, दहा मिनिटांत हवं तर सहापट मोटर, वर्क मात्र तेवढंच. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हापासून नळ उघडा दिसला की बंद करतो.

नववीची आई, इंदूर:
दोघांचे खूप आभार, 87 टक्के त्याने स्वतः काढले! आता विचारतोय विहिरीवरच्या एका पुलीने जोर कमीच होत नाही तर ती का लावतात?

रिटायर्ड मास्तर:
दिशा बदलते ना. वर ओढण्याऐवजी खाली ओढायचं, म्हणजे आपलं स्वतःचं वजन कामी येतं.