डबल्स म्हणजे वेळ वाया घालवणं? बालेवाडी बघूनही असं कसं म्हणता

नेटजवळचा
परवा भाच्याला टेनिस क्लासवरून आणायला गेलो होतो, बारा वर्षांचा आहे तो, तर तिथले सर ताईला सांगत होते की डबल्सच्या एन्ट्र्या भरू नका, वेळ वाया जातो, ज्यांना सिंगल्स जमत नाही ते डबल्सकडे वळतात. दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

अहो, आपल्याच पुण्यात बालेवाडीला 2018 ते 2023 एटीपी 250 झाली (पुरुषांच्या जागतिक एटीपी मालिकेतली स्पर्धा), महाराष्ट्र ओपन, फक्त 2021 ला झाली नाही. त्या पाच वेळांत सिंगल्सच्या फायनलला एक भारतीय पोचला नाही. आणि डबल्स बघा, 2019 ला बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले 6-3, 6-4, 2022 ला बोपण्णा आणि रामकुमार, पहिला सेट टायब्रेकमध्ये (6-6 झाल्यावरचा निकाली गेम) 12-10 ने हरले तरी पुढचा 6-3 आणि मग सुपर टायब्रेक (तिसऱ्या सेटऐवजी खेळतात तो, किमान दहा पॉइंट आणि दोनची आघाडी) 10-6 ने जिंकले. 2023 ला जिंकले बेल्जियमचे जिले आणि व्लीगेन, पण समोर फायनलला कोण तर आपलेच श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुनचेळियन.

मी एका वर्षी तिथे साइड कोर्टला अगदी जाळीजवळ बसलो होतो. सर्व्ह करणाऱ्याचा पार्टनर मधल्या रेषेवर गुडघे वाकवून इतका खाली बसतो की त्याचं डोकं नेटच्या वर दिसत नाही, पाठीमागे बोटांनी खूण, आणि बॉल टाकला की एका क्षणात डावीकडे नाहीतर उजवीकडे झेप. रिटर्न मारणाऱ्याला माहीत नसतं तो कुठे जाणारे. हे टीव्हीवर कळतच नाही कारण कॅमेरा मागून उंचावरून असतो. याला उरलेल्यांचा खेळ म्हणायचं?

बेसलाइन
मला सरांचं म्हणणं बरोबर वाटतं आणि मनापासून सांगतो. टॉपचे बहुतेक सिंगल्स प्लेयर ग्रँड स्लॅममध्ये डबल्स खेळत नाहीत, म्हणजे डबल्सचा नंबर एक हा जगातल्या सगळ्यात चांगल्या लोकांना हरवून झालेला नसतो. 2022 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला किरियोस आणि कोकिनाकिस वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेली थेट जागा) आले, दोघंही सिंगल्सवाले, आणि थेट कप घेऊन गेले. वर्षभर डबल्सचीच प्रॅक्टिस करणारे मग काय करत होते?

आणि लिएंडर पेसचं उदाहरण कुणी देणार असेल तर आधीच सांगतो, 1996 ला अटलांटा ऑलिंपिकचं ब्राँझ त्याने सिंगल्समध्ये मिळवलं. पाया सिंगल्सचाच होता.

कोथरूडचा लॉब
अरे पण गोष्ट अर्धी का सांगतोस. त्या फायनलला किरियोसच्या जोडीने ज्यांना हरवलं ते एबडन आणि पर्सेल. त्याच वर्षी त्याच दोघांनी विम्बल्डन जिंकलं, तेव्हा तिथे डबल्स पाच सेटची असायची आणि फायनल पाचव्या सेटच्या टायब्रेकपर्यंत गेली होती. आणि हाच एबडन 2024 ला बोपण्णाबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला, आपला बोपण्णा 43 व्या वर्षी जगात एक नंबर झाला. एका घरच्या स्पर्धेत, घरचं पब्लिक डोक्यावर घेत असताना दोन सिंगल्सवाले चमकले म्हणून बाकीच्यांची वर्षानुवर्षांची मेहनत खोटी ठरत नाही.

सर्व्हिसची आई
मी पालक म्हणून बोलते, माझी मुलगी 14 वर्षांची आहे आणि चार वर्षं मी तिला घेऊन स्पर्धांना फिरतेय. सिंगल्समध्ये पहिल्याच राउंडला हरली की दुपारी बारा वाजता सामान आवरून परतीची गाडी, हॉटेलचे पैसे गेलेले, मुलगी खिडकीकडे तोंड करून बसलेली. डबल्स असेल तर संध्याकाळी अजून एक मॅच मिळते, बरोबर कुणीतरी असतं, रडायचं सोडून पुढचा पॉइंट कसा खेळायचा यावर दोघी बोलतात. तिची व्हॉली (टप्पा पडायच्या आधी मारलेला बॉल) आणि रिटर्न दोन्ही डबल्समुळे सुधारलं, हे मी स्वतः बघितलंय. म्हणून वेळ वाया जातो हे मला मान्य नाही.

पण बेसलाइन म्हणतोय त्यात मला एक खरं वाटतं. या वयात फक्त डबल्स नको. रामकुमारसुद्धा आधी सिंगल्सच्या जागतिक क्रमवारीत 111 पर्यंत गेला होता.

बेसलाइन
ताई, तुमचं पटलं, लहान मुलांसाठी मॅच जास्त मिळणं चांगलंच. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. आपल्याला पेस-भूपतींनी सवय लावली, 1999 ला चारही ग्रँड स्लॅमच्या फायनल, त्यातल्या दोन जिंकल्या, डेव्हिस कपमध्ये सलग 24 डबल्स जिंकल्या, आणि त्या आनंदात सिंगल्सचे प्लेयर का तयार होत नाहीत हे कुणी विचारलंच नाही. सुमित नागल 2024 ला टॉप 100 मध्ये आला तेव्हा केवढं कौतुक झालं, कारण तशी माणसं आपल्याकडे इतकी कमी आहेत. आणि बाकी एटीपी स्पर्धांमधलं ते नो-अ‍ॅड म्हणजे 40-40 ला एकाच पॉइंटवर गेम, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक, त्यात एखादा बॉल नेटला लागून पलीकडे पडला की मॅच जाते. तो निकाल मला पूर्ण वाटत नाही.

नेटजवळचा
सिंगल्सचे प्लेयर होत नाहीत हा दोष डबल्सचा कसा? कोर्ट, फिजिओ, परदेशी फिरायला पैसा, हे सगळं सिंगल्सला जास्त लागतं आणि तेच आपल्याकडे नाही. डबल्सवाल्यांनी कुणाची जागा अडवलेली नाही. 2020 ला बालेवाडीला डबल्स कोण जिंकलं आठवतंय का, स्वीडनचा योरान्सन आणि इंडोनेशियाचा रुंगकट, तेही 10-8 ने. इंडोनेशियाचा माणूस एटीपीचा कप उचलतोय, याचं केवढं अप्रूप!

आणि सुपर टायब्रेकचं म्हणशील तर 2006 च्या आसपास तो आला तो मॅच किती वेळ चालेल याचा अंदाज यावा, मोठे प्लेयरही खेळावेत आणि डबल्स टिकावी म्हणून. आपल्या पुण्याचा अर्जुन कढे आणि ऋत्विक बोल्लिपल्ली 2024 ला कझाकस्तानच्या अल्माटीला एटीपीची फायनल खेळले, पहिला सेट गेला, दुसरा टायब्रेकमध्ये घेतला आणि सुपर टायब्रेक 14-12 ने जिंकला. चौदा-बारा! त्यात नशीब एका पॉइंटला असेल, सव्वीस पॉइंटला नाही.

कोथरूडचा लॉब
नो-अ‍ॅडमध्ये 40-40 ला रिटर्न करणारी जोडी ठरवते कुणी घ्यायचा, डावीकडच्याने की उजवीकडच्याने, तेवढा एक निर्णय बघायलाच मी जातो.

बेसलाइन
नो-अ‍ॅडबद्दल माझं मत तेच राहील, ग्रँड स्लॅममध्ये पूर्ण तिसरा सेट खेळतात ते मला जास्त आवडतं. पण अल्माटीची मॅच मी बघितली नव्हती, बघतो. भाच्याच्या एन्ट्रीचं काय केलंत शेवटी?

नेटजवळचा
दोन्ही भरल्या. ताईने सरांना सांगितलं की हरला तरी चालेल, पण तो संध्याकाळी अजून एक मॅच खेळेल. बालेवाडीला आता चॅलेंजर (एटीपीच्या खालच्या पातळीची स्पर्धा) होते, पुढच्या वेळी झाली की फायनलला नको, मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी ये, डबल्सचे पहिले राउंड असतात, अगदी जाळीजवळ जागा मिळते. भाच्यालाही आणतो.